वाचकांचे प्रश्न : पोरगा क्वार्टरबॅक आहे, मग ऑफेन्स कुठला शिकवायचा?

प्रश्न : माझा मुलगा 13 वर्षांचा, आठवीत आहे, न्यू जर्सीत आमच्या गावच्या यूथ टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल घेऊन पास टाकणारा. मी मूळचा क्रिकेटवाला, पण पोरामुळे या अमेरिकन फुटबॉलचा नाद लागला आणि आता टीमला मदत करता करता ऑफेन्सच्या (बॉल आपल्याकडे असतानाच्या खेळाच्या) मीटिंगलाही बसायला लागलोय. आमचे हेड कोच जुन्या वळणाचे, ते म्हणतात विंग-टी चालवू, म्हणजे जास्त करून बॉल घेऊन पळायचं. तरुण असिस्टंट म्हणतो स्प्रेड लावा, म्हणजे खेळाडू मैदानभर पांगवायचे, पुढे सगळीकडे तेच आहे. दोघांनी मला विचारलंय की तुम्हाला काय वाटतं. पोरगा डोक्याने हुशार आहे, हात बरा आहे, उंची कमी आहे, आणि आमची ऑफेन्सिव्ह लाईन (क्वार्टरबॅकला वाचवणारे पुढचे खेळाडू) खरं सांगायचं तर कच्ची आहे. त्याचा क्वार्टरबॅक म्हणून पाया पक्का व्हावा असं वाटत असेल तर कुठली सिस्टिम बरी? — एक बाबा, एडिसन

उत्तर : दादा, मत द्यायच्या आधी एक काम करा. पुढच्या वर्षी पोरगा ज्या हायस्कूलला जाणार आहे तिथल्या कोचना जाऊन भेटा आणि विचारा की फ्रेशमन (नववीच्या) टीमला पासचे कुठले प्ले (ठरवलेल्या चाली) सगळ्यात आधी शिकवता आणि त्यांना नावं काय देता. ते जे सांगतील त्यातला पाव हिस्सा उचला आणि त्याच नावांनी तुमच्याकडे चालवा. तिथे विंग-टी असेल तर विंग-टी, स्प्रेड असेल तर स्प्रेड. माझं उत्तर खरं तर एवढंच आहे, पण मीटिंगमध्ये दोन्ही बाजूंनी आवाज चढणार म्हणून कारणं नीट सांगतो.

या वयात क्वार्टरबॅक नेमकं काय शिकतो ते आधी बघा. स्नॅप (सेंटरने मागे दिलेला बॉल) आल्यापासून बॉल सोडेपर्यंत त्याच्या हातात अडीच-तीन सेकंद असतात, त्यात पाय ठरलेल्या पावलांनी मागे न्यायचे, एका ठराविक डिफेंडरवर नजर ठेवायची, तो पुढे आला की मागे गेला एवढंच बघायचं आणि त्यावरून बॉल कुणाला द्यायचा ते ठरवायचं. बस. ही सवय अंगात मुरली की मग सिस्टिमचं नाव काही का असेना ती सवय पोराबरोबर जाते, पण ती मुरायला तेच प्ले, तीच पावलं, तीच नावं दोन-तीन सीझन सलग हातात राहायला लागतात. दरवर्षी नवीन कोच, नवीन प्लेबुक, नवीन भाषा असं झालं की पोरगा सगळं डोक्यात भाषांतर करत बसतो आणि तेवढ्यात समोरचा अंगावर येऊन आदळतो.

मोठ्या लेव्हलला हे कसं होतं त्याचं ॲलेक्स स्मिथ हे उदाहरण मला सगळ्यात जास्त लागतं. 2005 च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल या व्यावसायिक लीगच्या टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात तो) सॅन फ्रान्सिस्कोने त्याला पहिल्या नंबरवर घेतला. युटाला अर्बन मायरच्या स्प्रेडमध्ये तो शॉटगनमधून (सेंटरच्या काही यार्ड मागे उभं राहून) खेळलेला, इथे आल्यावर पहिल्या सीझनला 1 टचडाऊन पास आणि 11 इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास). बरं तेही चाललं असतं, नवीन पोरगा आहे, शिकेल. पण पुढे काय झालं तर 2005 ला माइक मॅकार्थी ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर, 2006 ला नॉर्व्ह टर्नर, 2007 ला जिम हॉस्टलर, 2008 ला माइक मार्ट्झ, मग जिमी रे, प्रत्येकाची प्ले सांगायची पद्धत वेगळी, त्यात खांद्याच्या दुखापती. लोक म्हणाले पोरगा वाया गेला. 2011 ला जिम हार्बॉ हेड कोच म्हणून आला, त्याने ऑफेन्स रनवर (बॉल घेऊन पळण्यावर) उभा केला, स्मिथच्या डोक्यावरचं ओझं कमी केलं आणि त्याच माणसाने अख्ख्या सीझनला फक्त 5 इंटरसेप्शन दिले आणि टीमने 13 मॅच जिंकल्या, फक्त 3 हरल्या. माणूस तोच होता हो. 21 वर्षांच्या, पगारी, दिवसभर फक्त फुटबॉल करणाऱ्या खेळाडूचं हे होत असेल तर होमवर्क करून प्रॅक्टिसला येणाऱ्या आठवीतल्या पोराकडून आपण काय अपेक्षा करायची?

आता तुमच्या हेड कोचचं विंग-टी. याला जुनाट म्हणून उडवून लावू नका असं मी असिस्टंटला कळकळीने सांगेन. ही पद्धत तुमच्या शेजारीच, डेलावेअर युनिव्हर्सिटीत डेव्ह नेल्सन आणि त्यांच्यानंतर टबी रेमंड यांनी वाढवली, मोठमोठे धिप्पाड लाइनमन नसताना फेक (बॉल दिल्याचं नाटक), अँगल आणि पुल करणारे, म्हणजे जागा सोडून बाजूला धावत ब्लॉक करणारे गार्ड यांच्या जोरावर जिंकायची. रिच गॅनन याच विंग-टी मधून बाहेर पडला. 1987 ला न्यू इंग्लंडने त्याला ड्राफ्ट केलं ते क्वार्टरबॅक म्हणून नाही तर दुसऱ्या जागेवर खेळवायचं डोक्यात ठेवून, तो काही तयार झाला नाही, मिनेसोटाला गेला, आणि पुढे 2002 ला ओकलंडच्या पासिंग ऑफेन्समध्ये एनएफएलचा एमव्हीपी (सीझनचा सगळ्यात मोलाचा खेळाडू) झाला. त्याच डेलावेअरमध्ये 2002 ला के. सी. कीलर आले, त्यांनी स्प्रेड आणला, आणि त्यातून तुमच्या न्यू जर्सीचाच जो फ्लॅको 2008 ला पहिल्या राउंडमध्ये गेला. एकच कॉलेज, दोन टोकाच्या सिस्टिम, दोन्हीकडून क्वार्टरबॅक निघाले. त्यामुळे अमुक सिस्टिममध्ये पोरगा शिकतच नाही हे कुणी छातीठोकपणे बोललं तर ऐकून सोडून द्या.

विंग-टी मधला वॅगल नावाचा प्ले मला तुमच्या पोरासाठी फार आवडतो. आधी फुलबॅकला फेक, मग हाफबॅकला स्वीपचा (बाजूने बाहेर पळायचा) फेक, अख्खा डिफेन्स स्वीपच्या मागे धावतो आणि क्वार्टरबॅक उलट्या बाजूने बाहेर निघतो, पुढे पुल केलेला गार्ड संरक्षणाला. त्याच बाजूला फुलबॅक फ्लॅटमध्ये, म्हणजे साईडलाईनकडे जवळच, एक एंड (लाईनच्या टोकाचा खेळाडू) पलीकडून आडवा येतोय मधल्या उंचीवर, तिसरा खोल. तिघेही मैदानाच्या एकाच अर्ध्या भागात, एका नजरेत. उंची कमी असलेल्या पोराला लाइनमनच्या डोक्यावरून बघायला लागत नाही, आणि लाईन कच्ची असली तरी फेकमुळे एखादा सेकंद जास्त मिळतो. कुणीच मोकळं नसेल तर तीन-चार यार्ड पळायचं आणि बाऊंड्रीबाहेर जायचं. तोटा पण आहे, फेक करताना पोराची पाठ डिफेन्सकडे होते, वळल्यावर त्याला चित्र एकदम नव्याने बघावं लागतं, आणि सलग रन प्ले असतात म्हणून एका मॅचमध्ये पास मोजकेच टाकायला मिळतात. ती कसर प्रॅक्टिसमध्ये भरून काढायची, मॅचमध्ये आठ पास पडत असतील तर प्रॅक्टिसला साठ टाकायचे.

असिस्टंटच्या बाजूनेही बोलतो. स्प्रेडमध्ये शॉटगन असल्यामुळे पोराचे डोळे पहिल्यापासून समोर राहतात आणि रिसीव्हर (पास झेलणारे) पांगलेले असल्याने कोण कुणाला धरतोय ते स्नॅपच्या आधीच बऱ्यापैकी दिसतं. फक्त या वयात सेंटरचा स्नॅप कधी डोक्यावरून तर कधी पायाशी येतो, मग डोळे बॉल शोधण्यातच जातात, त्यामुळे स्प्रेड घेणार असाल तर सेंटर आणि क्वार्टरबॅक यांची रोजची दहा-पंधरा मिनिटं वेगळी काढा, यात तडजोड नको. आणि स्प्रेड म्हणजे टीव्हीवर दिसणारं जाडजूड प्लेबुक हा गैरसमज काढून टाका. हॅल मम्मी आणि माइक लीच यांनी 1989 पासून आयोवा वेस्लियन नावाच्या छोट्याशा कॉलेजात जो एअर रेड उभा केला त्याची ताकद प्ले कमी ठेवण्यात होती, मोजके पास आणि तेच रोज, रोज, रोज. तबल्याच्या क्लासला गुरुजी एकच कायदा महिनोन्महिने घोटून घेतात ना, तसंच ते. पुढे लीच टेक्सास टेकला गेला, तिथे त्याच्या हाताखाली क्लिफ किंग्सबरी खेळला, किंग्सबरी तिथेच कोच झाला आणि त्याच्याकडे पॅट्रिक माहोम्स तयार झाला.

कुठलीही सिस्टिम घ्या, एक प्ले मात्र नक्की घाला, स्मॅश. बाहेरचा रिसीव्हर पाच यार्डांवर जाऊन थांबतो आणि वळतो, आतला रिसीव्हर दहा-बारा यार्ड सरळ जाऊन कोपऱ्याकडे कापतो. पोराने बघायचं फक्त एकाला, त्या बाजूच्या कॉर्नरबॅकला. तो मागे सरकला की बॉल जवळच्याला, तो जागेवर थांबला की त्याच्या डोक्यावरून कोपऱ्यात. एक माणूस, एक प्रश्न, दोन उत्तरं. उजवीकडे बसला की तोच डावीकडे शिकवा. असे तीन-चार प्ले दोन्ही बाजूंना बसले की आठवीसाठी भरपूर झालं, पाचवा घालायचा मोह आवरा.

कुठल्या बाजूला टाकायचं हेही सांगतो कारण यावर यूथ कोच फारसा विचार करताना दिसत नाहीत. हायस्कूलच्या नियमांत मैदानाची रुंदी 160 फूट आणि हॅशमार्कमुळे (ज्यांच्या मधून प्रत्येक प्ले सुरू होतो त्या खुणांमुळे) तिचे तीन सारखे भाग पडतात, प्रत्येक 53 फूट 4 इंच. एनएफएलमध्ये दोन हॅशमधलं अंतर फक्त साडेअठरा फूट असतं म्हणून तिथे बॉल कायम जवळपास मध्यावरच असतो. तुमच्याकडे बॉल डाव्या हॅशवर असेल तर डावी साईडलाईन जेमतेम 18 यार्डांवर आणि उजवी 35 यार्डांच्याही पलीकडे. आता टीव्हीवर बघून कुणी तुमच्या पोराला लांबच्या बाजूला दहा यार्डांचा आऊट (सरळ जाऊन साईडलाईनकडे वळणाऱ्याला पास) टाकायला लावला तर बॉल हवेत 35 यार्ड जाणार, मधेच तरंगणार, आणि पुढचा डिफेंडर तो उचलून सरळ टचडाऊनला पळणार. पोराला वाटणार आपला हातच कमी पडतो. हात नाही कमी पडत, प्ले चुकीच्या बाजूला दिलेला असतो. आउट आणि कोपऱ्याचे पास जवळच्या बाजूला, लांबच्या बाजूला स्क्रीन (लाईनच्या मागेच दिलेला छोटा पास), वॅगल, रन, एवढं पाळलंत तरी निम्मे इंटरसेप्शन वाचतील असं मला वाटतं.

हात बरा आहे, उंची कमी आहे याची काळजी करू नका. ज्याला लोक वेस्ट कोस्ट ऑफेन्स म्हणतात तो जन्मालाच असा आला. 1969 ला सिनसिनाटीकडे ग्रेग कुक नावाचा तोफेसारखा हात असलेला पोरगा होता, त्याचा खांदा गेला, आणि 1970 ला त्यांच्याकडे आला व्हर्जिल कार्टर, हुशार, अचूक, पण लांब टाकायची ताकद नाही. बिल वॉल्श तिथे असिस्टंट कोच होते. कार्टरला काय जमतं ते बघून त्यांनी आडवे, छोटे, वेळेत सुटणारे पास बसवले, आणि 1971 ला पास पूर्ण करण्याच्या टक्केवारीत कार्टर लीगमध्ये पहिला आला. वॉल्शनी पास पायांना बांधला, तीन पावलांचा ड्रॉप असेल तर मागचा पाय टेकताक्षणी बॉल सुटलाच पाहिजे, पहिला माणूस नाही मिळाला तर एक छोटी उडी आणि दुसरा. हेच पोराला शिकवा, घरच्या ड्राइव्हवेवर बॉल न टाकता नुसती पावलं केली तरी चालतील. आणि हो, बॉलचा साईज बघा, 12 ते 14 वयासाठी यूथ साईज असतो, मोठा भाऊ खेळतो तो फुल साईज बॉल आत्ता घेऊन दिलात तर कोपर खाली पडायला लागतं आणि ती सवय नंतर सुटता सुटत नाही.

शेवटी लाईन. इथे मात्र मी पूर्ण हेड कोचच्या बाजूने आहे. कच्च्या लाईनच्या मागे पाच रिसीव्हर सोडून पोराला एकटा उभा करू नका. 2002 ला ह्यूस्टनच्या नव्या कोऱ्या टीमने डेव्हिड कारला पहिल्या नंबरवर घेतला आणि पहिल्याच सीझनला तो 76 वेळा सॅक झाला (पास टाकायच्या आधीच पाडला गेला), हा एनएफएलचा रेकॉर्ड आहे. मार खाऊन खाऊन क्वार्टरबॅकची नजर रिसीव्हरवरून खाली येते, अंगावर येणाऱ्यांकडे जाते, आणि एकदा खाली आलेली नजर वर आणणं फार कठीण. एक बॅक कायम ब्लॉकिंगला ठेवा. एक रिसीव्हर कमी झाला तर होऊ दे.

प्रश्न : मी पुण्यात असतो, रविवारी रात्री जागून एनएफएल बघतो. दरवर्षी ड्राफ्टमध्ये कॉलेजचे हिरो पहिल्या नंबरवर जातात आणि त्यातले कित्येक आपटतात. हा पोरांचा दोष की सिस्टिमचा? — एक चाहता, कोथरूड

उत्तर : दोन्हीचा असतो, पण मला विचाराल तर सिस्टिमचा दोष आपण नेहमी कमी धरतो. जॅरेड गॉफ घ्या. कॅलिफोर्नियाला एअर रेड खेळून 2016 ला पहिल्या नंबरवर रॅम्सकडे आला, पहिल्या सीझनला 7 मॅच सुरुवातीपासून खेळला आणि सातही हरला. पुढच्या वर्षी शॉन मॅकव्हे हेड कोच म्हणून आला, नेमला तेव्हा वय अवघं 30. त्याने जेट मोशन (स्नॅपच्या वेळी एक खेळाडू आडवा धावतो), प्ले-ॲक्शन (रनचं नाटक करून पास) आणि बूटलेगवर (नाटक करून क्वार्टरबॅक उलट्या बाजूने बाहेर) ऑफेन्स बांधला म्हणजे गॉफसमोरचं चित्र साफ झालं, वर टीमला घाईघाईने लाईनवर उभं करायचा. कारण एनएफएलमध्ये क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधला रेडिओ प्ले क्लॉकवर (पुढचा प्ले सुरू करायच्या घड्याळावर) 15 सेकंद उरले की बंद होतो, तोपर्यंत कोचला समोरचा डिफेन्स बघून कानात बोलता येतं. त्या सीझनला गॉफचे 28 टचडाऊन, 7 इंटरसेप्शन आणि रॅम्स लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट करणारी टीम.

जॉश ॲलनचंही बघा, 2018 ला पास पूर्ण व्हायचं प्रमाण 52.8 टक्के, 2019 ला 58.8, 2020 ला 69.2. तिन्ही वर्षं कोऑर्डिनेटर एकच, ब्रायन डेबल. 2020 ला स्टेफॉन डिग्ज आला हे खरं आहे आणि चांगल्या रिसीव्हरने फरक पडतोच, पण एकाच माणसाकडून एकाच भाषेत तीन वर्षं शिकायला मिळणं ही चैन फार थोड्या पोरांच्या नशिबात असते.

लमार जॅक्सनसाठी बाल्टिमोरने उलटं केलं, 2019 ला ग्रेग रोमनने त्याच्या पायांभोवतीच अख्खा ऑफेन्स रचला, तो एकमताने एमव्हीपी झाला. पण 2012 ला वॉशिंग्टनने रॉबर्ट ग्रिफिनला असंच त्याच्या कॉलेजच्या सवयीचं दिलं होतं, पहिलं वर्ष झगमगीत गेलं आणि जानेवारी 2013 च्या प्लेऑफमध्ये गुडघा गेला. पोराला जमतं ते द्यायलाच हवं, फक्त त्याच्या अंगावर किती मार पडतोय हे मोजणारं कुणीतरी टीममध्ये हवं, आणि गुडघा दुखत असताना त्याला बाहेर बसवायची हिंमत त्या माणसात हवी.

प्रश्न : माझी लेक 11 वर्षांची, फ्लॅग फुटबॉलमध्ये (पाडायच्या ऐवजी कमरेची झेंडी ओढतात तो) क्वार्टरबॅक आहे, पाच-पाच जणींची टीम. कोचने तिच्या रिस्टबँडवर 24 प्ले लिहून दिलेत. मॅचमध्ये ती गोंधळते आणि घरी येऊन रडते. तिला हे झेपत नाहीये का? — एक आई, फ्रीमाँट

उत्तर : ताई, 24 प्ले 11 वर्षांच्या कुणालाच झेपत नाहीत, यात लेकीचं काहीही कमी नाही आणि हे तिला आजच्या आज सांगा. फ्लॅगमध्ये लाईन नसते, रशर (क्वार्टरबॅकवर धावून येणारी खेळाडू) 7 यार्ड लांबून सुटते, पास टाकायला 7 सेकंद, आणि क्वार्टरबॅकला स्वतः बॉल घेऊन पळता येत नाही, म्हणजे सगळा खेळ नजरेचा आणि वेळेचा. कोचशी शांतपणे बोला आणि सहा प्ले मागा, तीन प्ले उजवीकडे आणि तेच तीन डावीकडे. प्रत्येकात सेंटर स्नॅप देऊन चार-पाच यार्डांवर वळून उभी राहू दे, काहीच सुचलं नाही तर बॉल तिला. लेकीने आधी एका बाजूच्या दोघींकडे बघायचं, मग सेंटर, संपलं. त्या सहा प्लेंची चित्रं तिला स्वतःच्या हाताने काढू द्या आणि नावंही तिलाच ठेवू द्या, स्वतः ठेवलेलं नाव मॅचच्या गडबडीतही आठवतं.

बॉल 9 ते 12 वयाचा ज्युनियर साईज आहे का तेही बघा. आणि तिला नुसती क्वार्टरबॅक ठेवू नका, काही मॅच रिसीव्हर, काही डिफेन्सला रशर. रशर म्हणून दुसऱ्या क्वार्टरबॅकच्या अंगावर धावून गेली की तिला कळेल की समोरची कुठे बघते आणि कधी घाबरते.

घरात हेही सांगा की फ्लॅग फुटबॉल 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला आहे, मुलींचाही, आणि क्रिकेटबरोबर त्याला मंजुरी मिळाली ती ऑक्टोबर 2023 ला आपल्या मुंबईत भरलेल्या ऑलिंपिक कमिटीच्या सेशनमध्ये. कोच सहा प्लेंवर तयार नसेल तर 24 मधले लेकीला आवडणारे सहा तिने निवडावेत आणि तेवढेच मॅचमध्ये बोलवावेत असं विचारून बघा, याला बहुतेक कोच हो म्हणतात.